नाण्यावरील राष्ट्रनेते

श्रीपूरसारख्या साखर कारखान्याच्या गावी, बाजारात एखाद्या ग्राहकाने दहा रुपयांचे डॉ. आंबेडकरांची प्रतिमा असलेले नाणे पुढे केले आणि विक्रेत्याने ते “खोटे” म्हणून परत केले, तर त्यात दोष नाण्याचा नसून माहितीच्या अभावाचा आहे.

ब्रिटिश अमदानीत नाण्यावर गादीवरील राजाचे मुख असे. प्रजासत्ताक भारताने १९५० मध्ये त्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आणले. पंडित नेहरू सुमारे १७ वर्षे पंतप्रधानपदी होते. परंतु त्यांची प्रतिमा नाण्यावर आली ती त्यांच्या निधनानंतर, १९६४ मध्ये. एक रुपया व पन्नास पैशांच्या त्या नाण्यांनी ही परंपरा सुरू झाली. गांधी जन्मशताब्दीच्या वेळी, १९६९ मध्ये, वीस पैशांपासून दहा रुपयांच्या चांदीच्या नाण्यापर्यंत चार मूल्यांची नाणी निघाली. पुढे इंदिरा गांधी (१९८५), डॉ. आंबेडकर (१९९०), लोकमान्य टिळक (२००७) असा हा क्रम चालू राहिला.

डॉ. आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त २०१५ मध्ये दोन नाणी निघाली. त्यांपैकी १२५ रुपयांचे संग्राहकांसाठी, तर दहा रुपयांचे व्यवहारासाठी होते. दहा रुपयांच्या नाण्याच्या तोवर निघालेल्या चौदाही नमुन्यांना वैध चलनाचा दर्जा आहे, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये केला. गांधीजींचे वीस पैशांचे नाणे मात्र ३० जून २०११ पासून चलनातून गेले. पन्नास पैशांचे अद्याप वैध आहे.