आजोबांचा फोन आणि आपली घाई

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो की आपल्यापैकी प्रत्येकाला एक सबमिशन हमखास असतं. बॅग खाली ठेवायच्या आत आवाज येतो, "अरे इंजिनिअर, जरा हा फोन बघ रे, काहीतरी झालंय." मेकॅनिकलवाला असो, सिव्हिलवाला असो की केमिकलवाला, घरच्यांच्या लेखी इंजिनिअरिंग म्हणजे मोबाईल! मग आपण काय करतो? फोन हातात घेतो, आठ-दहा ठिकाणी खटाखट बोट मारतो, "झालं" म्हणतो आणि परत देतो. मित्राची जर्नल उतरवून काढली की फाईल पूर्ण होते, सही मिळते, पण ओरलला एक्स्टर्नलने पहिलाच प्रश्न विचारला की काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. आपण 'करून दिलेल्या' फोनचं अगदी तसंच असतं. फरक एवढाच, की इथे प्रश्न विचारणारा चोर असतो.

गेली दोन वर्षं प्रत्येक सुट्टीत माझा हाच उद्योग चालू आहे. आजी, आजोबा, आजोबांचे एसटीतले जुने सोबती, समोरच्या काकू... व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब. त्यातून जे लक्षात आलं ते इथे लिहितोय. सुट्टीत घरी जाणाऱ्यांना उपयोगी पडेल, आणि आपल्या स्टाफमधल्या ज्यांची मुलं "तुम्हाला नाही कळणार" म्हणून फोन ओढून घेतात, त्यांनाही.

सुरुवात बोटापासून. "यांना साधं टच करता येत नाही" अशी आपली तक्रार असते. पण जरा आपल्याच विषयाकडे बघा की! फोनची काच कपॅसिटिव्ह असते. बोट टेकलं की तिथली कपॅसिटन्स बदलते आणि ते फोनला कळतं. म्हातारपणी कातडी कोरडी पडते, आयुष्यभर काम केलेल्या हातांना घट्टे असतात, त्यामुळे हा सिग्नल क्षीण मिळतो. मग माणूस जोरात दाबतो आणि जास्त वेळ दाबतो. साधारण अर्धा सेकंद बोट टेकलेलं राहिलं की फोन त्याला 'लाँग प्रेस' समजतो आणि भलताच मेनू उघडतो. आजीला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. उपाय सेटिंगमध्ये आहे. ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'टच अँड होल्ड डिले' नावाची गोष्ट असते, ती लाँग करून टाका. अक्षरं मोठी करा, बोटं किंचित ओलसर करून पुसायला सांगा. आजीचा निम्मा त्रास इथेच संपला. हे न करता थेट फेसबुक शिकवायला बसणं म्हणजे इन्स्ट्रुमेंट कॅलिब्रेट न करता रीडिंग घेणं.

पुढचा मुद्दा, काय शिकवायचं? माझा अनुभव असा की "तुला व्हॉट्सॲप शिकवतो" म्हटलं की समोरचा माणूस बावरतो. "मावशीचा चेहरा बघायचाय का?" म्हटलं की चष्मा शोधायला उठतो. म्हणून एक माणूस आणि एक काम. पहिल्या दिवशी फक्त मावशीला व्हिडिओ कॉल. दुसऱ्या दिवशी आलेला फोटो उघडून बघणं. टायपिंगच्या नादाला लागूच नका. कीबोर्डवर माईकचं चिन्ह असतं, भाषा मराठी ठेवली की बोललेलं लिहून येतं. आजी पहिल्यांदा त्या माईकशी बोलली तेव्हा "हॅलो, मी बोलतेय" पासून सुरुवात केली आणि ते सगळं मेसेजमध्ये गेलं. मावशीने तो मेसेज अजून जपून ठेवलाय.

फोन सारा वेळ त्यांच्याच हातात राहिला पाहिजे. आपले हात पाठीमागे! बोट दाखवायचं, दाबायचं नाही. आणि पायऱ्या त्यांनी स्वतःच्या अक्षरात वहीत लिहायच्या. आजोबांच्या वहीत हिरव्या गोलातल्या फोनला 'हिरवी घंटी' असं नाव आहे. असू दे. वही त्यांची आहे, नावही त्यांनाच उपयोगी पडणार आहे.

आता सुरक्षिततेकडे येतो. काही सेटिंग एकदाच करायची असतात, ती पहिल्याच आठवड्यात शेजारी बसून करून टाका, पण काय करतोय ते सांगत सांगत. व्हॉट्सॲपमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करून सहा आकडी पिन ठेवायचा. अनोळखी नंबरचे कॉल 'सायलेन्स' करायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्रुपमध्ये आपल्याला कोण घालू शकतं तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' करायचं. हे एवढ्यासाठी, की रिटायरमेंटचे पैसे बँकेत पडलेल्या माणसाला एक दिवस अचानक 'शेअर मार्केट टिप्स' अशा कुठल्याशा ग्रुपमध्ये घातलं जातं. तिथे शंभर लोक "आज मला इतका फायदा झाला" म्हणत असतात, आणि ते बहुतेक सगळे एकाच टोळीचे असतात. खोट्या ॲपमध्ये फायद्याचे आकडे वाढताना दिसतात, पैसे काढायला गेलं की आधी 'टॅक्स' भरा म्हणतात. फेसबुकवर 'प्रोफाईल लॉक' आहे, २०२० पासून भारतात मिळतं. ते लावायचं आणि मित्रांची यादी लपवायची. कारण चोर त्याच यादीवरून आजोबांचा फोटो लावून दुसरं खातं काढतो आणि त्यांच्या मित्रांकडे पैसे मागतो. जो आधीच आपल्या यादीत आहे त्याचीच पुन्हा रिक्वेस्ट आली, तर आधी त्याला फोन लावायचा.

पण सेटिंगने सगळं भागत नाही. इथे मला आपल्या नेहमीच्या उपदेशाबद्दल थोडं वाकडं बोलायचंय. आपण घरी सांगतो, "ओटीपी कोणालाही सांगायचा नाही." बरोबर. दुसऱ्याच दिवशी गॅसचा सिलिंडर येतो आणि तो माणूस दारात उभा राहून म्हणतो, "काकू, कोड सांगा." काकू सांगतात, कारण त्याशिवाय डिलिव्हरीची नोंद होत नाही. कुरिअरवालाही कोड मागतो. म्हणजे आपण दिलेला नियम आठवडाभरही टिकला नाही, आणि नियम मोडूनही काहीच बिघडलं नाही हे काकूंनी पाहिलं. मग फोनवर कोणीतरी कोड मागितला तर त्या का नाही सांगणार?

म्हणून मी नियम बदलून घेतला. आपण मागवलेली वस्तू घेऊन माणूस दारात उभा असेल, तर त्या वस्तूचा कोड त्याला सांगायचा, तोही मेसेज वाचून. फोनवरून, मेसेजमधून कोड मागणाऱ्याला काहीही सांगायचं नाही, मग तो बँकेचा असो, पोलीस असो नाहीतर सख्खा भाचा असो. भाचा मुद्दाम म्हटलं. "मावशी, चुकून माझा कोड तुझ्या फोनवर आलाय, सांग ना" असा मेसेज येतो. भाच्याचं खातं आधीच चोराच्या हातात गेलेलं असतं आणि तो कोड मावशीच्या व्हॉट्सॲपचा असतो!

यूपीआयच्या पिनचंही असंच. "पैसे यायला पिन लागत नाही" हे वाक्य पाठ होतं, पण पटत नाही. आजोबांना मी बँकेची स्लिप आठवून दिली. पैसे भरायची स्लिप कोणीही भरून दिली तरी चालते. काढायच्या स्लिपवर मात्र सही खातेदाराचीच लागते. पिन म्हणजे काढायच्या स्लिपवरची सही. "मग पैसे देतो म्हणणारा माझी सही कशाला मागतोय?" हा प्रश्न त्यांनीच विचारला. पुढे मला काही बोलावं लागलं नाही.

यातून एक गोष्ट माझ्या पक्की डोक्यात बसली. ही माणसं भोळी नाहीत. आजोबांनी तीसेक वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. खोटा पास, फाटकी नोट, दहाचे बारा करणारा, सगळे बघितलेत. ते म्हणतात, खोटा पासवाला ओळखायला पास बघावा लागत नाही, तो एकतर फार घाई करतो नाहीतर फार गोड बोलतो. आता सांगा, सायबर सिक्युरिटीच्या लेक्चरला याहून वेगळं काय शिकवतात? समोरच्या काकूंनी भाजीवाल्याच्या काट्याकडे बघत आयुष्य काढलंय. फसवणूक ओळखायचं कसब त्यांच्याकडे आहे, फक्त स्क्रीनवर ती कशी दिसते एवढंच दाखवायचं असतं. लग्नसराईत 'लग्नपत्रिका' नावाची एपीके फाईल येते. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, ॲप. ते आत शिरलं की तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपीसुद्धा, चोराकडे जाऊ शकतात. काकूंना मी एवढंच सांगितलं, पत्रिका उघडते, ती 'इन्स्टॉल' होत नाही. इन्स्टॉल विचारलं की पाहुणा खोटा.

फॉरवर्डबद्दल मात्र मी हसत बोलत नाही. गुड मॉर्निंगची फुलं आणि हळदीचे काढे यांची आपण चेष्टा करतो, पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती, एवढंच कारण. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो आणि त्यावर दुहेरी बाण दिसतो. तो दुहेरी बाण आजोबांना दाखवा. "हा निरोप कोणी दिला ते कोणालाच माहीत नाही" असा त्याचा अर्थ सांगा. आणि राईनपाड्याचं नावही सांगा. ती बातमी त्यांनीही वाचलेली असते, फक्त तिचा आपल्या अंगठ्याशी संबंध जोडलेला नसतो.

राहिला सगळ्यात वाईट प्रकार, 'डिजिटल अरेस्ट'. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, कॉल बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचं नाही." आपल्या कायद्यात असली अटकच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितलं होतं. तरी शिकलीसवरलेली माणसं तासन् तास कॅमेऱ्यासमोर बसून राहतात. का? तर चोराचं खरं हत्यार तो गणवेश नाही, "कोणाला सांगायचं नाही" हे वाक्य आहे. आणि मित्रांनो, हे हत्यार त्याला बरेचदा आपणच धार लावून देतो. आठवून बघा, घरच्या मोठ्या माणसाने तिसऱ्यांदा तेच विचारलं की आपला सूर कसा असतो! "किती वेळा सांगायचं?" चोर मात्र "सर", "मॅडम" म्हणून तासभर शांतपणे बोलतो. सहा वेळा विचारलं तर सहा वेळा समजावतो. आपल्याकडे विचारायला संकोच आणि त्याच्याकडे अगत्य, मग माणूस कोणाचं ऐकेल?

म्हणून आमच्या घरी एक ठराव आहे. घाबरवणारा किंवा घाई करणारा फोन आला, की तो ठेवायचा आणि मला लावायचा, वेळ कुठलीही असो. (सर, लेक्चरमध्ये "आजोबांचा फोन आहे" म्हणून कोणी बाहेर गेला तर कृपया ॲटेंडन्स कापू नये. पण रोज कोणी जायला लागला तर खुशाल कापा.) आणि माझ्या आवाजात कोणी "अपघात झालाय, पैसे पाठवा" म्हणालं, तर आधी आमच्या जुन्या म्हशीचं नाव विचारायचं. आवाजाची नक्कल एआयने होते, म्हशीचं नाव त्याला ठाऊक नाही. ते मी इथेही छापणार नाही.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर पहिला फोन १९३० ला, राष्ट्रीय हेल्पलाईन आहे. उशीर करू नका, कारण चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर फिरते. तक्रार लवकर गेली तर बँकांना ती मधेच कुठेतरी अडवता येते. एपीके टाकली गेली असेल तर त्या फोनचं इंटरनेट बंद करून बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. व्हॉट्सॲप चोरलं गेलं असेल तर आपल्याच नंबरने पुन्हा लॉगिन करा. एसएमएसचा कोड टाकला की चोर बाहेर फेकला जातो. त्याने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर खातं वापरायला सात दिवस थांबावं लागतं, पण तो आत राहत नाही. आणि हे सगळं चालू असताना "तुम्हाला सांगितलं होतं ना" हे वाक्य कोणीही बोलायचं नाही. पुढच्या वेळी तेवढ्यासाठीच ते लपवतील.

आणखी एक. शिकवलं म्हणून त्यांचे मेसेज वाचायचा परवाना मिळत नाही. आजोबा डेपोतल्या मित्रांच्या ग्रुपवर काय लिहितात ते मी बघत नाही. रात्री अकरापर्यंत हसण्याचा आवाज येतो, त्यावरून अंदाज येतो! सध्या त्यांना रील करायला शिकायचंय, विषय ठरलाय 'घाटात गाडी बंद पडली तेव्हा'. त्यातलं मला फारसं येत नाही, रूम पार्टनरला विचारून ठेवलंय. तो मेच्या सुट्टीत चार दिवस आमच्या गावी येतोय. आमरसाच्या बोलीवर.