गोनीदांचा वाचणारा परिवार

१ जून १९९८ ला कादंबरीकार गो. नी. दांडेकर, म्हणजेच गोनीदा, गेले. घरच्यांचे ते आप्पा.

परतवाड्याला १९१६ साली जन्मलेला हा मुलगा स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीनं शाळा सोडून घराबाहेर पडला. गाडगे महाराजांच्या सहवासात राहिला, नर्मदेची परिक्रमा केली. पुढे तळेगाव दाभाड्याला संसार थाटला, पण पायांची भटकंती काही थांबली नाही. राजमाची किल्ल्यावर तर ते पुन्हा पुन्हा जात. तिथूनच 'माचीवरला बुधा' आला. माझ्या मते त्यांचं सगळ्यात हळवं पुस्तक. त्यांच्या 'स्मरणगाथे'ला १९७६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेही सांगायला हवं.

मला मात्र खरं अप्रूप वाटतं ते त्यांच्या घराचं. लेक वीणा देव आणि जावई विजय देव त्यांच्या कादंबऱ्यांची अभिवाचनं करत. नात मृणाल कुलकर्णीही त्यात असायची. ना नेपथ्य, ना वेशभूषा. नुसत्या आवाजावर समोर जंगल उभं राहायचं, माची दिसायची. आप्पा गेल्यावरही घरच्यांनी हे वाचन थांबवलं नाही. वीणाताईंनी 'आशक मस्त फकीर' हे वडिलांवरचं पुस्तकही लिहिलं.

यंदा पावसाळा सरला की राजमाचीला जा. सॅकमध्ये 'बुधा' ठेवा आणि माचीवर बसून चार पानं मोठ्यानं वाचा.