माहिती होती, पुरावा नव्हता

12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांत मुंबईत 257 माणसे मेली. त्यानंतर चार महिन्यांनी, 9 जुलैला, केंद्र सरकारने गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. गुन्हेगारी टोळ्या, सरकारी अधिकारी आणि राजकारणी यांच्यातील लागेबांधे शोधणे, हे तिचे काम होते. रॉचे प्रमुख, गुप्तवार्ता विभागाचे संचालक आणि सीबीआयचे संचालक असे देशातले सर्वांत जाणते लोक तिचे सदस्य होते. 5 ऑक्टोबर 1993 रोजी दिलेला हा अहवाल जेमतेम डझनभर पानांचा आहे. तो संसदेपुढे यायला ऑगस्ट 1995 उजाडला आणि त्याची परिशिष्टे आजवर बाहेर आलेली नाहीत. अहवालाची आठवण निघाली की चर्चा त्या परिशिष्टांतल्या नावांभोवती फिरते. मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात त्या अहवालातच उघडपणे नोंदलेल्या दोन गोष्टी. पहिली अशी की, सरकारला या प्रकरणाच्या मुळाशी खरोखर जायचे आहे यावर समितीच्या काही सदस्यांचाच विश्वास दिसत नव्हता आणि ते मोकळेपणाने बोलायला कचरत होते. दुसरी अशी की, प्रत्येक यंत्रणा आपल्या नेमून दिलेल्या कामापुरते पाहते आणि ओघात हाती लागलेली लागेबांध्यांची माहिती जाणूनबुजून बाजूला ठेवते. या लेखाचे म्हणणे या दोन नोंदींवर उभे आहे. गुन्हेगारी आणि सत्ता यांचे नाते आपल्याकडे माहितीअभावी टिकलेले नाही. माहितीचा पुरावा होऊ न देणारी व्यवस्था आहे, म्हणून ते टिकले आहे. हे तपासायला उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याइतकी बोलकी जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

मोठ्या शहरांत टोळ्यांची मुख्य कमाई जमिनीतून होते, जागा बळकावून आणि राहत्या लोकांना हुसकावून मालमत्ता स्वस्तात पदरात पाडून घेतली जाते, हेही व्होरा अहवालाने लिहून ठेवले आहे. उल्हासनगरचा जन्मच जमिनीच्या अनिश्चिततेतून झाला. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आणून ठेवले गेले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले, तरी तिचे भाग आजही कॅम्प एक ते कॅम्प पाच म्हणूनच ओळखले जातात. सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी कष्टाने इथे बाजारपेठ आणि कारखानदारी उभी केली. त्यांच्या डोक्यावरच्या छपराला मात्र निर्विवाद कागद मिळाला नाही. सनद कुणाच्या नावाची, बराकीवर चढवलेला मजला कुणाच्या परवानगीचा, मोकळा भूखंड सरकारचा की कब्जेदाराचा, हे प्रश्न लोंबकळत राहिले. 2011 च्या जनगणनेनुसार जेमतेम 13 चौरस किलोमीटरच्या या शहरात 5 लाख 6 हजार माणसे राहत होती. ज्याच्या घराचा कागद कच्चा, त्याला वॉर्ड ऑफिसातली नोटीस थांबवणारा कुणीतरी लागतो. हा ‘कुणीतरी’ पुढे नगरसेवक होतो, आमदार होतो. टोळी, नगरपालिका आणि मतपेटी यांची गाठ इथे पडते, आणि ती कुठल्याही एका समाजाच्या स्वभावातून पडलेली नाही.

या गाठीचे सर्वांत ठळक नाव पप्पू कलानी. सुरेश बुधरमल कलानी 1986 साली काँग्रेसचे नगराध्यक्ष झाले आणि 1990 साली आमदार. त्याच वर्षी, विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीत, 27 फेब्रुवारीला उल्हासनगरातल्या दोघा भतिजा बंधूंपैकी एकाचा गोळ्या घालून खून झाला. दुसरा भाऊ त्या खुनाचा साक्षीदार होता. त्याला पोलीस संरक्षण होते. तरीही दोन महिन्यांनी, 28 एप्रिलला, त्यालाही गोळ्या घातल्या गेल्या. या दुसऱ्या खुनाबद्दल कल्याणच्या सत्र न्यायालयाने कलानी यांना जन्मठेप सुनावली ती डिसेंबर 2013 मध्ये, म्हणजे 23 वर्षांनी. मधल्या काळात 1990 ते 2009 ते सलग आमदार होते. आधी काँग्रेसचे, 1995 ला टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली तुरुंगात असताना अपक्ष, नंतर रिपब्लिकन पक्षाचे. पुढे त्यांच्या पत्नी ज्योती कलानी 2014 साली राष्ट्रवादीकडून आमदार झाल्या आणि 2018 साली त्यांच्या सून भाजपकडून महापौर झाल्या. घरातल्या इतरांवर गुन्ह्याचा आरोप करण्यासाठी हा क्रम दिलेला नाही. पक्ष बदलत गेले, झेंडे बदलत गेले आणि शहरातले वजन कायम राहिले, एवढेच त्यातून दिसते. एखादा पक्ष नासका म्हणून असे घडते, हे स्पष्टीकरण या क्रमापुढे टिकत नाही.

मग सरकारला काही ठाऊक नव्हते का? मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांनी कलानी आणि वसईचे हितेंद्र ठाकूर या दोन्ही सत्ताधारी आमदारांवर कारवाई केली, हाच माहिती असल्याचा पुरावा आहे. पुढे नाईकांनी जाहीरपणे सांगितले की, कलानींच्या बाबतीत सबुरीने घ्या, असे शरद पवारांनी आपल्याला सुचवले होते. पवारांनी ते साफ नाकारले. दोघांपैकी कुणाचे खरे, याचा निवाडा कुठल्याही चौकशीत झाला नाही आणि खरे दुखणे तेच आहे. राज्याचा माजी मुख्यमंत्री एवढा गंभीर आरोप करतो आणि त्याची शहानिशा करणारी एकही स्वतंत्र यंत्रणा या राज्यात नसते. राज्य गुप्तवार्ता विभागाचा अहवाल मुख्यमंत्र्यांकडे आणि गृहखात्याकडे जातो. तो वाचणारा आणि त्याचे काय करायचे ते ठरवणारा एकच असतो. तो वाचणाऱ्याच्या सोयीचा असला तर वापरला जातो, गैरसोयीचा असला तर पडून राहतो, आणि कधीकधी स्वपक्षातल्या माणसाला मुठीत ठेवण्यासाठी जपून ठेवला जातो. नागरिकाला किंवा न्यायालयाला त्याचा पत्ताही लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे सगळे नव्वदच्या दशकातले आहे. टोळीयुद्ध संपले, म्होरके मेले, पळाले किंवा म्हातारे झाले, मग आता हे उकरून काय साधणार? जानेवारी 2000 मध्ये कलानी यांचे प्रतिस्पर्धी गोपाळ राजवानी यांचा उल्हासनगरच्या न्यायालयाच्या आवारातच खून झाला, तेव्हाही एक पर्व संपले असेच म्हटले गेले. 2 फेब्रुवारी 2024 रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, कल्याण पूर्वचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेच्या शिंदे गटाचे शहरप्रमुख महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला. प्रसंग सीसीटीव्हीत टिपला गेला होता. वाद होता द्वारली गावातल्या जमिनीचा. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण घटनेचे ठिकाण, वादाचे कारण आणि दोन्ही बाजूंची पदे पाहिली की टोळ्या संपल्या म्हणजे नाते संपले, असे म्हणवत नाही. खंडणीच्या फोनची जागा भूखंडाच्या व्यवहाराने घेतली आहे. 2001 ते 2011 या दहा वर्षांत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे 98 हजारांवरून 1 लाख 74 हजारांवर गेली, अंबरनाथची 2 लाखांवरून अडीच लाखांवर. मुंबईत घर न परवडणारा माणूस कर्जतच्या लोकलने इकडे आला आणि शेताचा सातबारा सोन्याच्या भावाचा झाला. उच्च न्यायालयाने उल्हासनगरातल्या 855 अनधिकृत इमारती पाडायला सांगितल्या, तेव्हा 2006 साली सरकारने खास या शहरापुरता कायदा करून त्या नियमित करण्याची वाट काढली. हजारो कुटुंबांना बेघर करणे अमानुष ठरले असते, हे खरे. पण त्या इमारती बांधून पैसा करणारे आणि त्यांच्याकडे डोळेझाक करणारे याच वाटेने सहीसलामत निसटले. मे 2021 मध्ये याच शहरात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. त्यातल्या 28 मेच्या एकाच दुर्घटनेत सात जण मेले. गुन्हेगारी आणि सत्ता यांच्या संगनमताचे बळी फक्त गोळीने जात नाहीत.

दुसरा प्रश्न खुद्द गुप्तचर यंत्रणांचा आहे. त्या केवळ माहिती दडवतात, की टोळ्या वापरतातही? दाऊद इब्राहिमला पाकिस्तानच्या आयएसआयने पोसले, ही भारताची अधिकृत भूमिका आहे. 2003 साली अमेरिकेने आणि पाठोपाठ संयुक्त राष्ट्रांनी त्याला दहशतवाद्यांच्या यादीत घातले. दुसऱ्या बाजूला, 2005 साली मुंबई पोलिसांनी दिल्लीत छोटा राजन टोळीच्या विकी मल्होत्राला पकडले, तेव्हा गुप्तवार्ता विभागाचे नुकतेच निवृत्त झालेले संचालक अजित डोवाल त्याच्यासोबत होते, असे वृत्तपत्रांनी छापले. डोवाल यांनी ते नाकारले. इथेही शहानिशा झाली नाही. जगात हे नवे नाही. कास्त्रोला मारण्यासाठी सीआयएने माफियांची मदत घेतली होती, हे 1975 साली अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीने उघड केले. 3 नोव्हेंबर 1996 रोजी तुर्कस्तानात सुसुर्लुकजवळ एक मोटार अपघातात सापडली, तेव्हा तिच्यात एक पोलीस अधिकारी, एक खासदार आणि एक फरारी मारेकरी एकत्र प्रवास करत होते. या उदाहरणांवरून सगळे जग एका कटाने चालते असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. उल्हासनगरच्या कहाणीत कुणी सूत्रधार सापडत नाही, सापडतात ते जुळलेले हितसंबंध. पण चर्च समितीनंतर अमेरिकी सिनेटने गुप्तचर खात्यांवर कायमची समिती बसवली आणि ब्रिटनने 1994 च्या कायद्याने आपल्या यंत्रणांना संसद सदस्यांच्या समितीपुढे उभे केले. 1968 साली स्थापन झालेल्या रॉला आणि त्याहून कितीतरी जुन्या गुप्तवार्ता विभागाला आजही संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. गुप्त अहवालात ऐकीव गोष्टी असतात, त्या उघड केल्या तर निरपराध माणसाची अब्रू जाईल. दिनेश त्रिवेदी यांच्या याचिकेवर 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने याच विचाराने व्होरा समितीची परिशिष्टे उघड करण्यास नकार दिला. त्याच वर्षी माजी केंद्रीय मंत्री कल्पनाथ राय यांना दाऊद टोळीच्या माणसांना आसरा दिल्याच्या आरोपातून त्याच न्यायालयाने मुक्त केले, तेही खालच्या न्यायालयाने शिक्षा दिल्यानंतर. म्हणून नावे फोडा, ही मागणी मी करत नाही. पण न्यायालयाने नकार देऊन विषय मिटवला नव्हता, माहितीचा पाठपुरावा करणारी उच्चस्तरीय समिती नेमण्याची सूचनाही केली होती. गुप्तता पाळून तपास करता येतो. आपण गुप्तता पाळली आणि तपास सोडून दिला.

हा तपासाचा रस्ता बंद राहिला की लोक दुसरा शोधतात. बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचारानंतर 20 ऑगस्ट 2024 रोजी हजारो लोक रुळांवर उतरले. महिनाभराने, 23 सप्टेंबरला, त्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि अनेकांनी पेढे वाटले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांच्या स्वसंरक्षणाच्या दाव्यावर प्रश्नचिन्ह लावले आणि पाच पोलिसांना त्या मृत्यूसाठी जबाबदार धरले. लोकांचा संताप समजण्यासारखा आहे. पण मेलेला आरोपी साक्ष देत नाही, आणि कुणी कुणाला पाठीशी घातले हे त्याच्याबरोबरच जळून जाते. चकमकीवर टाळ्या वाजवणारा समाज लागेबांधे झाकायलाच मदत करतो.

शेवटचा आक्षेप लोकशाहीचा: लोकच अशा माणसांना निवडून देतात. देतात, कारण त्यांच्या गरजेला कायद्याचे दार बंद असते आणि दादाचे उघडे असते. कागद पक्का असलेला माणूस निर्भयपणे मत देतो. म्हणूनच उपाय जमिनीपासून सुरू झाला पाहिजे. सनदा, सातबारे, बांधकाम परवानग्या आणि नियमितीकरणाच्या यादीतला प्रत्येक बिल्डर वॉर्डनिहाय लोकांपुढे मांडला पाहिजे. दुसरे, गुप्तचर यंत्रणांना कायदा आणि विधिमंडळाची देखरेख हवी. तपास करताना हाती लागलेला राजकीय लागाबांधा ठराविक मुदतीत स्वतंत्र अभियोक्त्यापुढे ठेवणे बंधनकारक हवे. तिसरे, आहेत ते कायदे वापरले पाहिजेत. 1999 च्या मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या 24 व्या कलमात टोळीला मदत करणाऱ्या किंवा कारवाई टाळणाऱ्या सरकारी सेवकाला तीन वर्षांपर्यंतची कैद आहे. राज्यात साक्षीदार संरक्षणाचा कायदाही 2017 पासून आहे. पोलीस संरक्षणातला साक्षीदार उल्हासनगरात मारला गेला त्याला 27 वर्षे उलटल्यावर तो आला. या पट्ट्यातल्या प्रत्येक मतदाराने दारात आलेल्या उमेदवाराला पाणी आणि रस्त्याबरोबर या तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर लेखी मागावे.