वायकिकीत मुक्काम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हवाईचा बेत ठरला की एक सल्ला हमखास मिळतो : ‘वायकिकीत राहू नका, तिथे नुसती गर्दी.’ ओआहू बेटावरच्या होनोलुलू शहराचा हा किनारी भाग गजबजलेला आहे, यात वाद नाही. पण त्याविषयीच्या बऱ्याच समजुती तपासून घेण्यासारख्या आहेत.

गैरसमज : इथे नुसती हॉटेलं, खरं हवाई दुसरीकडेच.
वस्तुस्थिती : हॉटेलांआधी इथे पाणथळ जमीन होती, अळूची खाचरं, माशांची तळी आणि पुढे भातशेती. 1920च्या दशकात ‘आला वाय’ नावाचा कालवा खोदून पाण्याचा निचरा केला आणि आजच्या वायकिकीला जागा झाली. शेजारचं कापिओलानी उद्यान 1877 मध्ये राजा कालाकाउआच्या काळात खुलं झालं. हाच राजा 1881च्या जगप्रवासात मुंबईलाही येऊन गेला होता. सर्फिंग जगभर पोचवणारा ड्यूक कहानामोकू इथल्याच लाटांवर तयार झाला. 1912 आणि 1920च्या ऑलिंपिकमध्ये त्याने 100 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं. कुहिओ किनाऱ्यावर त्याचा पुतळा दोन्ही हात पसरून उभा आहे. लोक त्या हातांवर ताज्या फुलांच्या माळा घालून जातात.

गैरसमज : किनारा हॉटेलांच्या मालकीचा आहे.
वस्तुस्थिती : हवाईत किनारे सार्वजनिक आहेत. मोठ्यात मोठी लाट जिथवर पोचते, तिथवरच्या वाळूवर सगळ्यांचा हक्क असतो. खुर्च्या आणि छत्र्या भाड्याच्या असतात, वाळू नाही. स्वस्त खोली हवी असेल, तर दोन गल्ल्या आत राहा आणि आपली चटई घेऊन खुशाल किनाऱ्यावर बसा.

गैरसमज : समुद्र शांत आहे, कधीही उतरावं.
वस्तुस्थिती : हिवाळ्यात उत्तर किनाऱ्यावर अक्राळविक्राळ लाटा येतात, तेव्हा दक्षिणेकडचं वायकिकी बहुधा निवांत असतं. दक्षिणेकडून मोठ्या लाटा येतात त्या उन्हाळ्यात. शिवाय पौर्णिमेनंतर साधारण 8 ते 10 दिवसांनी, म्हणजे वद्य अष्टमी-दशमीच्या सुमारास, इथे बॉक्स जेलीफिश किनाऱ्याला येतात. त्यांचा डंख फार वेदना देतो. त्या दिवसांत लावलेले इशाऱ्याचे फलक वाचा आणि जीवरक्षकांचं ऐका.

गैरसमज : भाड्याच्या गाडीशिवाय बेट पाहता येत नाही.
वस्तुस्थिती : वायकिकीत राहण्याचा मोठा फायदा हाच, की गाडी लागत नाही. पर्ल हार्बर, डायमंड हेडचा डोंगर आणि मध्य होनोलुलू इथे शहर बसने जाता येतं. वायकिकीलगतच्या ‘आला मोआना’ भागातून निघणारी बस पूर्व किनाऱ्याने थेट उत्तर किनाऱ्यावरच्या हालेइवापर्यंत जाते. वेळ जास्त लागतो, पण खिडकीतून अर्धं बेट पाहून होतं. रोख भाडं देणार असाल तर सुटे पैसे ठेवा, चालक मोड देत नाही. गाडी घेतलीच, तर ती उभी करायला बहुतेक हॉटेलं रात्रीगणिक वेगळे पैसे घेतात.

गैरसमज : संकेतस्थळावर दिसला तोच खोलीचा दर.
वस्तुस्थिती : त्यावर 18 टक्क्यांच्या आसपास कर लागतात आणि अनेक हॉटेलं रोजचं ‘रिसॉर्ट शुल्क’ही लावतात. तुलना करताना सगळं धरून आलेला शेवटचा आकडा पाहा.

गैरसमज : शाकाहारी माणसाची उपासमार होते.
वस्तुस्थिती : तसं होत नाही, मात्र विचारून खावं लागतं. अळूचा कंद उकडून, कुटून केलेली ‘पोई’ निर्धास्त खा. पण अळूच्या पानांत गुंडाळलेला ‘लाउलाउ’ पाहून अळुवडीची आठवण आली, तरी आत बहुधा डुकराचं मांस किंवा मासे असतात. ‘साइमिन’ या शेवयांच्या सूपमध्येही सुकी कोळंबी किंवा मासळी असू शकते.

निव्वळ एकांत हवा असेल, तर कवाई बेटावर जा. पण सोबत वयस्कर आई-वडील किंवा लहान मुलं असतील, दवाखाना, दुकान, बस आणि समुद्र पायी अंतरावर हवे असतील, तर वायकिकी निःसंकोच निवडा. एक काम मात्र घरूनच करा : बाहेरच्या पर्यटकांना डायमंड हेडवर 2022 पासून आगाऊ आरक्षणाशिवाय प्रवेश नाही, ते आधी करून ठेवा.