प्रस्तरारोहण आणि पायांच्या बोटांचे आरोग्य

बदामीचे वालुकाश्म, हंपीच्या ग्रॅनाइटच्या शिळा, सह्याद्रीचे कातळकडे आणि शहरांतील कृत्रिम भिंती येथे अनेक तरुण-तरुणी प्रस्तरारोहणाचा सराव करतात. हाताच्या बोटांची काळजी बहुतेक जण घेतात. पायांच्या बोटांची वेदना मात्र खेळाचाच भाग मानून सोसली जाते. हा समज चुकीचा आहे.

त्रास का होतो?
लहानशा खाचेवर पाऊल ठरावे म्हणून अनेक आरोहक नेहमीच्या मापापेक्षा लहान, टोकाशी निमुळते बूट वापरतात. अशा बुटात बोटे दुमडलेली राहतात, अंगठा इतर बोटांकडे ढकलला जातो आणि शरीराचा बराचसा भार अंगठ्याच्या टोकावर येतो.

परिणाम कोणते?
घट्टे, भोवऱ्या, नखाखाली रक्त साकळणे, नख मांसात रुतणे, ओलाव्यामुळे बुरशीचा संसर्ग होणे ही प्रारंभीची लक्षणे होत. वेळीच काळजी घेतल्यास ती बहुधा बरी होतात.

दाब वर्षानुवर्षे चालू राहिल्यास अंगठा कायमचा वाकडा होऊन त्याच्या मुळाशी उंचवटा येऊ शकतो. यास ‘हॅलक्स व्हॅल्गस’ म्हणतात. अंगठ्याचा सांधा झिजून ताठर झाल्यास साधे चालणेही वेदनादायक होते. हे बदल मलमाने किंवा व्यायामाने पूर्ववत होत नाहीत. काही रुग्णांना शस्त्रक्रिया करावी लागते. कुटुंबात कोणाचा अंगठा असा वाकडा असल्यास अधिक दक्षता घ्यावी.

काय करावे?
• बूट सायंकाळी, पाय किंचित सुजलेले असताना निवडावेत. बोटे टोकाला टेकावीत, पण दुखू नयेत.
• नवशिक्यांनी सपाट तळाचे, सैलसर बूट वापरावेत.
• प्रत्येक चढाईनंतर बूट काढून बोटे मोकळी करावीत. इतर वेळी पुढून रुंद पादत्राणे वापरावीत.
• नखे सरळ रेषेत कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत.
• पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. बूट सावलीत वाळवावेत.
• भोवरी ब्लेडने कापू नये.

पालकांसाठी
मुलांच्या पायांची हाडे वाढत असतात. त्यांना लहान मापाचे बूट देऊ नयेत. दर काही महिन्यांनी माप तपासावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?
बूट काढल्यावरही दोन आठवड्यांहून अधिक काळ दुखणे, अंगठा वर न वळणे, बोटांत बधिरपणा येणे, अथवा दुखापत झालेली नसताना नखाखाली काळी रेघ दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी करून घ्यावी. पू, ताप किंवा पसरणारी लाली असल्यास, तसेच पडल्यानंतर पायावर भार देता येत नसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. मधुमेहींनी लहानशा जखमेकडेही दुर्लक्ष करू नये.

वेदना सोसणे हे कौशल्याचे लक्षण नव्हे. दीर्घकाळ आरोहण करावयाचे असेल, तर पाय आजच जपावेत.