पंपाविना फिरणारे तेल



ऐन उन्हाळ्यात डी.पी. जळाली की उसाच्या पाण्याची पाळी चुकते आणि उतारा मार खातो. म्हणून या अंकात डी.पी. गार कशी राहते, ते आम्ही सांगत आहोत.

डी.पी.ला पंखा नाही, पंप नाही. आतले वाइंडिंग तेलात बुडवलेले असते. मोटारी सुरू झाल्या की वाइंडिंग तापते. त्याच्याजवळचे तेल तापून हलके होते व वर चढते. वरच्या तोंडातून ते बाजूच्या नळ्यांत शिरते, वाऱ्याने गार होऊन जड होते आणि खालून परत टाकीत येते. म्हणजे उष्णताच तेल फिरवते आणि स्वतःच बाहेर पडते!

शास्त्रज्ञ याच्याही पुढे गेले आहेत. १९६३ साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेतील स्टीफन पॅपेल यांनी चुंबकाने ओढले जाणारे द्रव तयार केले. अंतराळात वजन नसल्याने रॉकेटचे इंधन पंपाच्या तोंडाशी येत नाही. ते चुंबकाने ओढावे, हा हेतू. अशा द्रवात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात. एक कण मिलिमीटरच्या साधारण लाखाव्या भागाएवढा. कणांवर ओलेइक आम्लासारख्या पदार्थाचा थर दिलेला असतो, त्यामुळे ते गोळा होऊन तळाशी बसत नाहीत.

यातली खुबी अशी, की द्रव तापला की त्याच्यावरची चुंबकाची ओढ कमी होते. तापणाऱ्या जागेजवळ चुंबक ठेवला, तर गार द्रव तिकडे जोराने ओढला जातो आणि तापलेल्याला बाजूला सारतो. तो गार झाला की पुन्हा येतो. मोट जशी भरून वर, रिकामी खाली, तसा हा फेरा. फक्त बैल नाहीत. लाउडस्पीकरच्या कॉइलची उष्णता बाहेर काढण्यासाठी असा द्रव १९७० नंतरच्या दशकापासून वापरात आहे. ट्रान्सफॉर्मरमध्ये तर विजेमुळे चुंबकीय क्षेत्र आयतेच असते. म्हणून त्याच्या तेलात असे कण मिसळून प्रयोगशाळांत प्रयोग झाले आहेत. पण कण वर्षानुवर्षे तेलात तरंगते राहिले पाहिजेत, आणि खर्चही परवडला पाहिजे. आपल्या शिवारातल्या डी.पी.त साधेच तेल आहे.

तेव्हा आहे ते तेल सांभाळणे आपल्या हाती. तेल चोरीला गेले किंवा गळाले आणि पातळी नळ्यांच्या वरच्या तोंडाखाली गेली, की टाकीत तेल असूनही फेरा तुटतो. वाइंडिंगवरचा कागद करपतो आणि डी.पी. जाते. यासाठी :

१) तेलाची काच लांबूनच पाहावी. खाली तेलाचे डाग दिसल्यास वायरमनला लगेच कळवावे.
२) नळ्यांवर वेल चढलेले दिसल्यास तेही त्यालाच सांगावे. स्वतः डी.पी.ला हात लावू नये.
३) मंजुरीशिवाय जादा मोटार जोडू नये. एकाच्या जादा मोटारीपायी साऱ्या गटाचा ऊस वाळतो.

तेल कमी, तर फेरा बंद. एवढे लक्षात ठेवावे.