शुक्राणूंवर औषध: कुणासाठी आहे, कुणासाठी अजून नाही

शेवगावच्या एका श्रोत्यानं व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवला होता, आजचा भाग त्यावरच केला. लग्नाला चार वर्षं झाली. बायकोची सोनोग्राफी झाली, नळ्यांचा एक्स-रे झाला, गोळ्यांचे कोर्स झाले, देवाधर्माचंही करून झालं. यांची स्वतःची पहिली वीर्यतपासणी झाली ती यंदा. मिलीलीटरमागे ४० लाख शुक्राणू. आणि प्रश्न एवढाच, "याच्यावर नवीन काही औषध निघालंय का?"

सरळ सांगतो. बहुतेक पुरुषांसाठी अजून नाही. मोजक्या पुरुषांसाठी आहे, ते जुनंच आहे, पण काम चोख करतं. आणि एक औषध असं आहे, जे अशा वेळी घेऊच नये, तरी सर्रास घेतलं जातं.

आधी तो आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलीलीटरमागे १ कोटी ६० लाख दिली आहे. त्याखाली गेलं म्हणजे मूल होणारच नाही, असं नाही. शक्यता कमी होते. आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोकडच्या कारणाच्या जोडीला. आपल्याकडे 'वांझ' हा शब्द मात्र बाईलाच चिकटतो, आणि तपासण्याही त्याच क्रमानं होतात.

आता, इतकी औषधं निघतात मग यावर का नाही? शुक्राणू ही पेशीच अडचणीची आहे. आपल्या पाथर्डी-शेवगावातून ऊसतोडीला निघालेलं बिऱ्हाड आठवा. जे गाडीत भरलं तेवढ्यावर हंगाम काढायचा. शुक्राणूचं तसंच. त्याचा डीएनए इतका घट्ट आवळून बांधलेला असतो की वाटेत नवीन प्रथिनं जवळजवळ बनतच नाहीत. म्हणजे तयार शुक्राणू सुधारायचा तर आधीच भरलेल्या सामानावरच औषध चालवायला लागतं.

मग कारखान्यातच, म्हणजे वृषणातच, सुधारणा करू म्हटलं तर तिथे वेगळा पेच. एक शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, पुढे पक्व होऊन बाहेर यायला आणखी काही दिवस. गोळी आज सुरू केली तरी फरक पडला का, हे तीन महिन्यांनी कळणार. त्यात रक्त आणि वृषण यांच्यामध्ये पेशींची एक भिंत असते, ती पुष्कळ औषधं आत जाऊ देत नाही. माणसाचे शुक्राणू काचेच्या ताटलीत सुरुवातीपासून वाढवून बघण्याची सोयही अजून हाताशी नाही. आणि कितीतरी पुरुषांत मूळ कारणच सापडत नाही. कारण माहीत नसलेल्या आजारावर औषध शोधायचं, म्हणजे बघा.

याच्या जोडीला १९९२ साली ब्रसेल्समधून इक्सीची बातमी आली. एकच शुक्राणू सुईनं स्त्रीबीजात सोडायचा. एक पुरत असेल तर कोटीभर वाढवायची खटपट कोण करणार? मुंबईत परळला १९८६ सालीच केईएम रुग्णालय आणि आयसीएमआरची तिथली प्रजनन संशोधन संस्था यांच्या कामातून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं होतं, त्यामुळे प्रयोगशाळेची वाट आपल्याकडेही लवकर रुळली. माझं मत विचाराल तर इक्सीनं लाखो घरांत मूल आणलं, आणि पुरुषाच्या औषधाचा प्रश्न मागे ढकलला. दोष नवऱ्यात, इंजेक्शनं बायकोला.

बरं, औषध कुणाला लागू पडतं? ज्यांच्या मेंदूकडून वृषणाला हुकूमच पोहोचत नाही, अशांना. यातल्या काहींना जन्मापासून वासही येत नाही. अशा पुरुषांना एचसीजी आणि एफएसएचची इंजेक्शनं देतात. सहा महिने ते दोन वर्षं धीर धरावा लागतो, पण शून्यावरून शुक्राणू दिसू लागतात. क्लोमिफीनसारख्या गोळ्या डॉक्टर काही निवडक पुरुषांना देतात. त्यांचा फायदा सगळ्यांना होत नाही.

आता ते टाळायचं औषध. टेस्टोस्टेरॉन. 'मर्दानी हार्मोन' म्हणून कुणी सुचवतं, जिममध्येही मिळतं. बाहेरून घेतलं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे, आणि तो वृषणाला आदेश देणं थांबवतो. उत्पादन बसतं. हे इतकं पक्कं आहे की जागतिक आरोग्य संघटनेनं टेस्टोस्टेरॉनची आठवड्याची इंजेक्शनं पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासली होती. १९९० मध्ये ते निकाल छापून आले. बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण काहींना वर्ष-दोन वर्षं लागतात. घेत असाल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

झिंक आणि फॉलिक ॲसिडच्या महागड्या पुड्यांचं काय? अमेरिकेत सुमारे २,३७० जोडप्यांवर चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आला. ना वीर्य सुधारलं, ना जन्म वाढले. पोटाच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या.

खरंच नवीन म्हणावं असं काम शेपटीवर चाललंय. शुक्राणूच्या शेपटीत कॅल्शियमचं एक दार असतं, कॅटस्पर, २००१ मध्ये सापडलं. ते उघडलं की शेपूट जोरात फटके मारते. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातले शास्त्रज्ञ आधीच बनलेली हजारो औषधं यंत्रानं जिवंत शुक्राणूंवर टाकून बघतात. त्यांना ट्रेक्विन्सिन नावाच्या एका पदार्थानं प्रयोगशाळेत शुक्राणूंची हालचाल वाढलेली दिसली. मेडिकलमध्ये मागायला जाऊ नका, ही अजून ताटलीतली गोष्ट आहे. माझा अंदाज, अशा औषधाचा पहिला उपयोगही पोटात घ्यायला नाही, तर बाहेर काढलेल्या नमुन्यावरच होईल.

तोवर हातात काय आहे? तपासणी एकदाच करून थांबू नका. काही आठवड्यांनी दुसरी करा, दोन ते सात दिवस संबंध किंवा वीर्यपात टाळून. गेल्या तीन महिन्यांत जोराचा ताप येऊन गेला असेल तर तो सांगा, कारण आकडा तेवढ्यानंही पडतो. वृषणाच्या शिरा फुगल्या आहेत का, हे डॉक्टरांकडून उभं राहून तपासून घ्या; त्यावर शस्त्रक्रिया असते. आकडा ५० लाखांच्या खाली असेल, म्हणजे या श्रोत्यासारखा, तर गुणसूत्रांच्या तपासणीबद्दल विचारा. मोठेपणी गालगुंड झालं होतं का, तेही सांगा.

आणि काम काय करता, हे कुणी विचारलं नाही तरी सांगा. साखर कारखान्याच्या बॉयलरवर असाल तर उष्णता हा प्रश्न आहे. वृषणाला शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड राहावं लागतं. राहाता-संगमनेरकडे डाळिंबावर फवारणी करत असाल तर कुठलं औषध, किती वर्षं, हे लिहून न्या. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात कामगार आपसात बोलले, तेव्हा लक्षात आलं की बऱ्याच जणांना मुलंच होत नाहीयेत. ते सूत्रकृमींवरचं डीबीसीपी हे कीटकनाशक बनवत होते. तपासणीत काहींचे शुक्राणू शून्य निघाले. संपर्क तुटल्यावर काहींचे परत आले, काहींचे आलेच नाहीत.